लाल नाव

आमच्याकडे नवरा गेला की थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी बायकोचंही नाव कोरून टाकतात, फक्त त्यात लाल रंग भरतात. ती अजून आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती गेली की रंग खरवडायचा. कोरणं, भरणं, खरवडणं, तिन्ही कामं माझीच.

मित्सुए बाईंनी चाळीस वर्षं गावातल्या पोरांकडून कांजी लिपीतली अक्षरं गिरवून घेतली. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, यात चुकलं की पट्टी बसायची. मीही खाल्लीय. त्याच बाईंच्या डोक्यातून गेल्या वर्षापासून एकेक अक्षर निसटायला लागलं. आधी दुकानांच्या पाट्या वाचता येईनात, मग औषधांची नावं.

त्यांची मुलगी चिगुसा शहरातून वृद्धाश्रमाचा कागद घेऊन आली. "आई, यावर स्वतःचं नाव लिहून दाखव. जमलं तर राहा घरी, मी पुन्हा विषय काढणार नाही."

"एवढंच? अगं, मी हेडमास्तरांचं अक्षर सुधारलंय!"

आठ दिवसांची मुदत ठरली. बाई रोज सकाळी देवळामागच्या दफनभूमीत येऊन नवऱ्याच्या दगडावरचं नाव बोटानं गिरवायच्या. मी जवळच दुसरा दगड घासत असायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सेइजी, लाल ते माझं ना रे?"

"हो बाई," मी मान वर न करता म्हणालो.

आठव्या दिवशी चिगुसानं तिथेच कागद पुढे केला. बाईंनी पाठ ताठ केली आणि लिहिलं. प्रत्येक रेघ जागच्या जागी. इतकं देखणं अक्षर माझ्या छिन्नीलाही जमत नाही.

चिगुसा वाचता वाचता रडायला लागली. "आई, हे बाबांचं नाव आहे गं."

तेव्हा कुठे मी दगडाकडे नीट पाहिलं. लाल रंगाचा ठिपकाही उरला नव्हता. दोन्ही नावं सारखीच करडी. रंग उडत चाललाय, पुन्हा भर म्हणून बाईंनी वसंतात दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणून टोलवलं होतं. हे चिगुसाला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही. त्याची लाज अजून वाटते.

वृद्धाश्रमाला जायला गाडीत बसल्यावर बाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सेइजी, रेघांचा क्रम चुकला नाही ना माझा?"

"नाही बाई. एकही रेघ चुकली नाही."

"मग ही का रडतेय?"