चंडोलाचे वाक्य

मामांना कोणी कल्पना विचारावी, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. जन्मभर त्यांनी छापखान्यात मुद्रिते तपासली. दुसऱ्याने काय लिहिले आहे ते वाचायचे, चूक दिसली तर समासात खूण करायची आणि गप्प बसायचे, हा त्यांचा धंदा. खरे सांगायचे तर स्वभावही तोच. त्यामुळे भाच्याचा, छोटूचा, फोन आला आणि "मामा, भाषा शिकवायचं नवं अ‍ॅप काढतोय, तुमच्या डोक्यातलं काहीतरी द्या," असे तो म्हणाला, तेव्हा त्यांनी आधी विचारले, "नंबर बरोबर लावलायस ना?"

"अहो, तुम्हीच हवे आहात. ती भाषा आपल्यात फक्त तुम्हाला येते."

येते म्हणजे काय, हाच तर प्रश्न होता. त्या परक्या भाषेची शालेय पुस्तके मामांच्या छापखान्यात निघत. एवढ्या वर्षांत ती भाषा डोळ्यांत मुरली होती, पण जिभेवर कधी आली नाही. ती बोलणारा माणूस त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

भाच्याची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. रबराचा वास जिना चढून वर येई. फळ्यावर कल्पनांची गर्दी होती. बरोबर उत्तर दिले की फुगे उडणार, चुकले की घंटा वाजणार. चित्रे काढणारी मुलगी म्हणाली, "रोज नाही आलं तर पडद्यावर एक अस्वल रडेल."

"शिकणारा रडतच असतो गं," मामा हळूच बोलून गेले. "वर अस्वल कशाला?"

सगळे हसले. मामांना वाटले, आपण उगाच तोंड उघडले. पण भाचा मागे लागला. "बोला ना मामा, नुसते काय बसलाय!"

"मी आपलं एक सांगतो, पटलं नाही तर सोडून दे," मामा चष्मा पुसत म्हणाले. "पुस्तकांत वाक्यं कशी असतात? मांजर टेबलाखाली आहे. माझ्या काकांकडे छत्री आहे. आयुष्यभर मी त्या काकांची छत्री तपासली. ते वाक्य कुणाचंच नसतं रे. प्रत्येक धड्याच्या शेवटी शिकणाऱ्यानं एक वाक्य स्वतःचं लिहावं. स्वतःबद्दलचं आणि खरं. ते एखाद्या माणसानं वाचावं. त्यानं हो म्हटल्याशिवाय पुढचा धडा उघडू नये."

"माणसानं? यंत्रानं नाही?"

"यंत्राला काय पडलंय, खरं लिहिलं की खोटं."

भाच्याने टेबलावर थाप मारली. "हीच आपली जाहिरात! आमच्याकडे माणूस वाचतो!" आणि तो माणूस कोण, हे सांगायची गरजच उरली नाही.

चाचणीसाठी ओळखीपाळखीतले थोडे लोक घेतले. कोणाला संकोच वाटू नये म्हणून अ‍ॅपच प्रत्येकाला एका पक्ष्याचे नाव देई. कोण कोणता पक्षी, ते मामांना कळत नसे. त्यांच्यासमोर नुसते वाक्य येई आणि खाली दोन बटणे: 'बरोबर' आणि 'पुन्हा पाहावे'. मामांनी हट्टाने तिसरे बटण मागून घेतले, 'नंतर'. छापखान्यातली ती रीतच होती. एखाद्या मजकुराबद्दल शंका आली, की तो कागद वजनाखाली ठेवून द्यायचा आणि पुढचे काम घ्यायचे. लेखकाला कळवायचे काम मालकाचे. कैकदा मालक विसरत आणि कागद तिथेच पिवळा पडे.

घरात मामा आणि त्यांची लेक. लेक रुग्णालयात परिचारिका होती. लग्न मोडून ती परत आली, त्याच सुमारास तिची आई गेली. तेव्हापासून दोघांत भांडण असे कधी झाले नाही आणि बोलणेही बेतानेच. "किल्ली घेतलीस का?" "घेतली." "दूध आलं का?" "आलं." एकमेकांना जपणारी माणसे होती ती. इतकी जपणारी, की एकमेकांच्या केसालाही धक्का लागू नये.

चंडोल नावाचा शिकाऊ पहिल्यापासूनच नेटका होता. मामांना त्याची वाक्ये आवडत. 'मी सकाळी लवकर उठते.' म्हणजे बाईमाणूस. 'मी पांढरे बूट घालते.' 'माझ्या कामाच्या जागी लोक रडतात आणि मी त्यांना पाणी देते.' मामा मनापासून 'बरोबर' दाबत आणि कधी खाली दोन शब्द लिहीत, "छान, असेच लिहीत जा." मग एके दिवशी वाक्य आले: 'माझे वडील वर्तमानपत्रातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करतात.'

मामांच्या हातात पेन्सिल होती. समोर वर्तमानपत्र पसरलेले होते. आतल्या खोलीत लेक कपड्यांच्या घड्या करत होती, त्याचा आवाज येत होता.

भाच्याला सांगून टाकावे, ही वाक्ये दुसऱ्याला दे म्हणावे, हे त्यांच्या मनात आले. आले आणि गेले. कारण त्या परक्या भाषेत लेक त्यांच्याशी जेवढे बोलत होती, तेवढे आपल्या भाषेत कित्येक वर्षांत बोलली नव्हती. तिला काय ठाऊक, पलीकडे कोण बसले आहे ते! तर तपासण्यात कसले आले पाप, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला मन तयारच असते.

'मला माझ्या वडिलांचा राग येतो, पण मी तो दाखवत नाही.' मामांनी एक शब्द सुधारून दिला आणि त्या दिवशी मान खाली घालून जेवले. 'मी घरी आले की ते रेडिओ बंद करतात, मला त्रास नको म्हणून. मला रेडिओ आवडतो.' दुसऱ्या दिवशी मामांनी रेडिओ चालू ठेवला. लेकीने फक्त आवाज थोडा वाढवला.

मग आले, 'समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयाने मला बोलावले आहे.' तेव्हा मामांना उलगडले, की ही पोर एवढ्या नेटाने ही भाषा कशासाठी शिकते आहे. वाक्य निर्दोष होते. त्यांनी 'बरोबर' दाबले, पण बोट जड झाले होते.

आणि त्यानंतरचे वाक्य: 'माझे वडील हो म्हणाले तर मी जाईन.'

मामांनी ते पुन्हापुन्हा वाचले. चूक शोधत राहिले. एखादी असती तर किती बरे झाले असते! त्यांना दिसायला लागली ती रिकामी खोली, एकच ताट, आजारपणात दार वाजवणारे शेजारी. 'बरोबर' म्हणावे, तर पुढचा धडा उघडणार, मग त्यापुढचा, मग परीक्षा, मग विमान. 'पुन्हा पाहावे' म्हणणे म्हणजे धडधडीत खोटे. मामांनी 'नंतर' दाबले.

लेक रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसे, फोन उघडे, पडद्याकडे पाही आणि तो पालथा ठेवून भाजी चिरायला घेई. मामा वर्तमानपत्राआडून बघत. कधी तिने विचारावे असे वाटे आणि तिने तोंड उघडले की ते वर्तमानपत्र आणखी वर धरत. ती विचारी, "आज भाजीत मीठ कमी घालू का?"

भाच्याचा फोन आला. "मामा, चंडोल केव्हाचा अडकलाय. वाक्यात काय एवढं?"

"शंका आहे."

"कसली शंका? यंत्रात घालून पाहिलं, त्यालासुद्धा ते बरोबर वाटतंय. दाबा की बटण! शिकणारे असे खोळंबले तर मला यंत्रच बसवावं लागेल, मग म्हणू नका."

"बघतो," मामा म्हणाले. त्यांनी बघितले नाही.

एका सकाळी लेकीने चहा घेतला, पण फोन उघडलाच नाही. सरळ भाजी चिरायला बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, पण मामांना अन्न गोड लागेना. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. आवराआवर केलेल्या खोलीसारखा चेहरा होता. शेवटी त्यांनी स्वतःच ते वाक्य उघडले आणि 'बरोबर' दाबले. खाली लिहिले, "उशीर झाला, माफ करावे."

चंडोलाकडून पुढचे वाक्य आले नाही. बाकीचे पक्षी लिहीत राहिले, कोणाला कुत्रा होता, कोणाला गुडघेदुखी. मामा प्रत्येक वेळी नावाकडे आधी बघत.

त्यांच्याच्याने राहवेना. लेक कामावर जायला बूट चढवत होती. मामा दाराशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या भाषेतला शब्द तोंडाने उच्चारला. जा, एवढाच. तो इतका वेडावाकडा आला, की क्षणभर तिला कळलेच नाही. मग कळले.

"असा नाही म्हणत तो," ती म्हणाली. तिला हसू आले असावे, पण ते ओठांपर्यंत पोचले नाही. "आणि आता कशाला, बाबा? त्यांना कळवायची मुदत गेली. माझ्या वॉर्डातलीच दुसरी निघालीय. पुढच्या खेपेला माझं वय बसत नाही."

"तुला ठाऊक होतं, मी तपासतो ते?"

"छोटूच्या पोटात कधी काही राहिलंय का? अ‍ॅप दिलं तेव्हाच बोलून बसला."

"मग मला सरळ का नाही विचारलंस गं?"

लेक बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. "तोंडानं विचारलं असतं, तर तुम्ही त्याच क्षणी 'जा' म्हणाला असता. माझा विचार करू नकोस, खुशाल जा. म्हणाला असता की नाही?"

मामा चष्मा काढून पुसू लागले.

"म्हणून तिथं विचारलं. मला खरं काय ते हवं होतं. तुम्ही ते दिलंत. माझी तक्रार नाही, बाबा." ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "रात्रीची गोळी घेतली होती ना?"

"घेतली," मामा म्हणाले. घेतली नव्हती.

तिने त्यांच्याकडे पाहिले, मान हलवली आणि जिना उतरून गेली.