तीन वर्षांची माती

अडुसष्ट वर्षांची होईपर्यंत मी अथेन्स पाहिलं नव्हतं, हे सांगायची मला लाज वाटते. जन्म सगळा ग्रीसच्या उत्तरेकडल्या कास्तोरियात गेला, फरचे तुकडे जोडून दुसऱ्यांचे कोट शिवण्यात. इव्हान्थिया त्याच टेबलाला समोरच्या बाजूनं बसायची. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींची तोंडं पाहिली, त्यामुळे जानेवारीत ती म्हणाली, "पोलिक्सेनी, चल, पाच दिवस अथेन्सला जाऊ, जुने दगड बघू," तेव्हा मी लगेच बॅग काढली. का, कशाला, काही विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. दगडांची एवढी हौस असती तर तिनं आमच्या तळ्याकाठचं एखादं देऊळ तरी नीट पाहिलं असतं.

तळं गोठलं होतं तेव्हा आम्ही निघालो आणि आठ तासांनी बसमधून उतरलो तर ऊन. जानेवारीच्या मध्यावर तिकडे असे चार-सहा दिवस येतात. खंड्या पक्ष्याला अंडी घालता यावीत म्हणून देव समुद्र शांत करतो, असं आमची माणसं म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगांची झाडं लगडलेली. इव्हान्थियानं एक तोडलं, सोललं आणि तोंडात घातलं. तिचा चेहरा असा झाला की शेजारून जाणारी बाई थांबून हसली.

"उत्तरेकडच्या दिसता! अहो, ती कडू असतात, मुरंब्याची."

"मग रस्त्यावर कशाला लावता?" इव्हान्थिया थुंकत म्हणाली.

"बघायला," बाई म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी अक्रोपोलिस, टेकडीवरचं ते जुनं देऊळ. सहावीच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, ते मी फाडून घेतलं होतं आणि मार खाल्ला होता. वर पोचले, ते खांब समोर आले, आणि मला रडू फुटलं. भर उन्हात, परक्या लोकांच्या घोळक्यात. इव्हान्थियानं वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "दुरुस्ती चालू दिसते."

"दगड आहेस तू."

"असेन."

ती देवळाकडे पाठ करून कठड्याशी उभी राहिली होती. खाली पसरलेल्या पांढऱ्या घरांत ती काहीतरी शोधत होती. "डोंगराच्या उजवीकडे म्हणाले होते," ती पुटपुटली. काय ते विचारलं तर म्हणाली, काही नाही. तिच्या हातातली पिशवी मी धरायला घेतली, तर आत रेड वाइनची बाटली, घरून आणलेली. मी तिला खूप चिडवलं. म्हातारपणी व्यसन लागलं का, लपून पितेस का. एरवी एकाला दोन सुनावणारी बाई हसलीसुद्धा नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी खांब बघण्यात गुंग.

तिसऱ्या दिवशी केरामेइकोसला गेलो. जुनं दफनस्थान, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. गवत, कासवं, आणि कोरलेले दगड. एका दगडावर दोन बायका होत्या. एक खुर्चीत बसलेली, दुसरी उभी, आणि दोघींचे हात एकमेकींच्या हातात. इव्हान्थिया तिथे खिळली.

"यातली मेलेली कोणती गं?"

"बसलेली असावी. असं मघाशी एक गाइड लोकांना सांगत होता."

"हात देतेय बघ तिला. जाताना." आणि ती मटकन बाकावर बसली. "उद्या सकाळी दहा वाजता असिमिनाला वर काढणार आहेत."

असिमिना तिची धाकटी बहीण. अथेन्सला दिलेली, मूलबाळ नाही, नवरा आधीच गेलेला. तीन वर्षांपूर्वी तीही वारली. शहरात थडग्याची जागा तीनच वर्षांपुरती मिळते. मग माती उकरायची, अस्थी वाइननं धुवायच्या, पेटीत ठेवायच्या आणि जागा पुढच्याला द्यायची. नगरपालिकेचं पत्र इव्हान्थियाला आलं होतं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

"मग सांगायचं नाही? मी नाही म्हटलं असतं का?"

"पोलिक्सेनी, तू ऐकलं होतंस."

मी ऐकलं होतं. अकरा वर्षं झाली, पण मला कांद्याच्या पातीचा वाससुद्धा आठवतो, मी तीच चिरत होते. त्यांची आई असिमिनाकडे राहायची, तिथेच गेली. गेल्याचं त्याच रात्री कळलं, पण आमच्याकडे बर्फ पडून तीन दिवस घाट बंद. असिमिनानं वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी आईला पुरलं आणि मग परत फोन केला. इव्हान्थिया माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. तिनं फोन आपटला आणि ओरडली, "मातीनं तुला पचवू नये, असिमिना!"

आमच्यात याहून वाईट शाप नाही. माती ज्याला पचवत नाही त्याचा जीव अडकून राहतो, असं म्हणतात. मी तीनदा थू थू केलं, तोंड आवर म्हटलं. पण नंतर तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाले, "वागली मात्र वाईट हो तुझी बहीण." मला आगीत तेल ओतायची गरज नव्हती. तरी ओतलं, आणि त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. असिमिना गेली तेव्हा तर रस्ते मोकळे होते, तरी इव्हान्थिया गेली नाही.

"शाप मागे घ्यायचा तर ज्यानं ऐकला त्याच्यासमोर घ्यावा लागतो," इव्हान्थिया म्हणाली. "गावच्या पाद्रीबाबांनी शब्द शिकवलेत. 'मी तुला मोकळं केलं, देवही करो.' तीन वेळा म्हणायचं."

"म्हणजे मला अक्रोपोलिस दाखवायला आणलंस की साक्षीला?"

"दोन्ही."

"लबाड कुठली."

"आहेच." ती दगडाकडे बघत राहिली. "भीती शापाची नाही गं. बसमध्ये आठ तास मी ते शब्द मनात म्हणत होते. पण माझा राग गेलेलाच नाही. नुसतं तोंडानं म्हटलं तर चालेल का?"

मी म्हटलं, चालेल. तिचा विश्वास बसला नाही.

सकाळी शहराच्या दफनभूमीत आमच्यासाठी दोन माणसं होती. लेफ्तेरिस नावाचा पन्नाशीचा खणणारा, ओठात विझलेली सिगारेट, आणि एक तरुण पाद्री, ज्याला अजून तिघांकडे जायचं होतं. इव्हान्थियानं भिंतीकडे तोंड केलं. "तू बघ," मला म्हणाली, "आणि खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

फावडं पंधरा मिनिटं चाललं. मग आवाज बदलला. लेफ्तेरिसनं वाकून शवपेटीची एक फळी जरा उचलली, आत पाहिलं आणि हळूच खाली ठेवली.

"नाही झालं, मावशी," तो मला म्हणाला. "देह विरला नाही अजून. वेळ आहे."

मी आत पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं. पण इव्हान्थियाला सांगायला लागलंच नाही, तिला ऐकू आलं होतं. तिची पाठ ताठ झाली.

लेफ्तेरिसला असले चेहरे सवयीचे असावेत. "अहो, घाबरू नका," तो मोठ्यानं म्हणाला. "इथली माती दमलीय. शंभर वर्षं माणसं गिळतेय, पोट भरलंय तिचं. दहातली चार अशीच निघतात. त्यात ओलावा, आजारपणातली औषधं. देवाचा कोप-बिप काही नाही, चिखल आहे नुसता. पलीकडच्या कोपऱ्यात दोन वर्षं ठेवू, तिथली माती चांगली आहे."

"ऐकलंस ना? चिखल आहे," मी म्हटलं आणि तिचा दंड धरला.

तिनं माझा हात सोडवला आणि सरळ खड्ड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाद्रीनं पुस्तक उघडलं. आता ती शिकवलेले शब्द म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली, साक्षीदारासारखी.

"दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

पाद्रीनं पुस्तक मिटलं.

"दोन दिवस! वितळलाच ना बर्फ? मी बूट घालून दारात बसले होते, असिमिना. कोट घालून. शेजारचा ट्रक येईल म्हणून रात्रभर. आईचं तोंड बघायचं होतं मला, बाकी काय मागत होते? आणि तू फोन करून सांगतेस की झालं सगळं! झालं? कुणाचं झालं?" तिचा आवाज चिरकला. पलीकडच्या थडग्यापाशी फुलं ठेवणारी बाई वळून बघायला लागली. "मला कुणी नको होतं तिथे. तूही नको होतीस. नुसतं एकदा बघू द्यायचं होतं. थांबायचं होतंस!"

लेफ्तेरिस सिगारेट हातात घेऊन उभा होता. इव्हान्थियाचा श्वास जोरजोरात चालला होता, आणि मग हळूहळू तो खाली आला. ती त्या फळीकडे बघत होती.

"आणि आता थांबलीस," ती म्हणाली. "तीन वर्षं."

दहातली चार, लेफ्तेरिसनं आत्ताच सांगितलं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. आयुष्यभर मला जीभ आवरता आली नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. पण त्या वेळी आवरली.

ती गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे काय अवस्थेत आहेत ते मला माहीत आहे, मी उचलायला पुढे झाले, पण लेफ्तेरिसनं हातानं मला थांबवलं. इव्हान्थिया वाकली, आणखी वाकली, आणि तिचा तळवा फळीला टेकला. पाद्रीबाबांचे शब्द ती विसरली असावी, नाहीतर तिला ते नको असावेत.

"मी आले, झालं ना?" ती म्हणाली. "आता जा मातीत. हट्टी कुठली."