नाव घातलेली कळशी

"आकाराम, तुझं स्टील खोटं निघालं," म्हणत अंबूबाईनं कळशी त्याच्या पुढ्यात आदळली.

आष्ट्याच्या बाजारात आकाराम भांडी विकी आणि त्यांवर नावं घालून देई. हात मशीनवर, तोंड गप्पांत. कोयनानगरला भर भूकंपात घातलेलं नाव इतकं वाकडं आलं, की त्या घरची सून तांब्या तिरका धरूनच पाणी पिते, ही त्याची ठेवणीतली थाप. आज मात्र त्यानं मशीन बंद करून कळशी उजेडात धरली. अंबूबाईच्या लग्नात त्यानंच घातलेलं 'नानासो' तांबूस गंजलं होतं.

"नात उद्या सासरी चाललीया. क्रांतीला असली कळशी दिऊ व्हय?"

"नाव घासून काढू? लय चकाचक हुईल."

"नाव ऱ्हायला पायजे."

नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. तो गेल्यावरही नाही. ते काय ते या कळशीवर.

"वैनी, घासता कशानं?"

"तारेच्या घासणीनं. त्यांच्या माघारी रोज. अक्षरं चमकाय नगंत?"

"तितंच घोटाळा हाय. गंज कळशीचा न्हाई, घासणीचा. लोखंडाची कुसं अक्षरांत अडकली, ती गंजली. स्टीलवर अंगचीच साय धरती, हवेनं. दिसत न्हाई इतकी पातळ. खरवडली तर पुन्यांदा धरती, पर तुमी धरू दिली तर."

"दिसत न्हाई, मग तुला कशी ठावं?"

"कोयनेला बघितली की. भूकंपाला भिऊन वर आली हुती."

अंबूबाईला हसू फुटलं. आकारामनं गरम पाण्यात लिंबू पिळलं, फडक्यानं अक्षरं हळूच पुसली, कळशी धुऊन कोरडी केली. गंज निघाला, नाव राहिलं.

"आता वाऱ्यावर ठेवा. आन् घासणी बंद."

दुसऱ्या दिवशी कळशी क्रांतीबरोबर गेली.

त्यानंतरच्या सकाळी अंबूबाई सवयीनं मोरीत बसली. घासणी हातात आली. घासायला काही नव्हतं. तिनं ती खाली ठेवली. कुडापलीकडं शेजारच्या धोंडुबाईची भांडी वाजत होती.

"नानासो," अंबूबाई पुटपुटली.

पलीकडची भांडी थांबली.

अंबूबाईनं पदर सावरला आणि जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं.