कचेरीपुढचा खड्डा

कचेरीच्या फाटकाबाहेर एक खड्डा होता. दरवर्षी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात मोठे साहेब त्यातल्या रोपाला हात लावत, फोटो निघे, टाळ्या पडत आणि दोन महिन्यांत रोपाची काडी होई. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोयच म्हणा की, नवा खड्डा खणायची कटकट नाही! कचेरीचे माळीबुवा नऊ वर्षं ती काडी उपटत आले होते. नाकासमोर चालणारा माणूस. त्यांचं काम आतल्या हिरवळीचं, ये-जा मागच्या दारानं; फाटकाबाहेर ते वर्षातून एकदाच फिरकत.

यंदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कुदळ घेऊन गेले आणि बघतच राहिले. खड्ड्यात कमरेएवढं झाड, पानांनी नुसतं भरलेलं!

रोज फाटकातून येऊनही खड्ड्याकडे कधी न बघणारे हेडक्लार्क धावत आले. "हे जगलं कसं?" झाडानं गुन्हाच केला जणू. "उपटा आधी! उद्या साहेब येताहेत, नवं रोप आलंय."

"पण जिवंत आहे हो ते."

"तेच तर म्हणतोय! संध्याकाळपर्यंत खड्डा रिकामा हवा, नाहीतर तुमची बदली कुठं होईल सांगता यायचं नाही." एवढं बोलून ते आत गेले.

माळीबुवांनी कुदळ उचलली, तेवढ्यात समोरून त्यांची बायको आली. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. कुठवर चालतेस, हे माळीबुवांनी कधी विचारलं नव्हतं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

"अहो, नका ना," ती कशीबशी म्हणाली.

"तू जगवलंस हे?"

"इथवर आलं की गुडघा बोलायला लागतो. मग बसते या कठड्यावर. अर्धी बाटली मी पिते, अर्धी याला." जरा थांबून म्हणाली, "रोप तर तुमच्याच हातचं ना. साहेब नुसता हात लावतात."

माळीबुवांना भरून आलं. नऊ वर्षं आपणच लावायचं, आपणच उपटायचं! त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली आणि तिच्याबरोबर घरी गेले.

सकाळी साहेब आले. झाड बघून हेडक्लार्कचा चेहरा पांढराफटक. माळीबुवा पुढे झाले.

"साहेब, चूक माझी. खड्डा रिकामा करायला सांगितलं होतं, पण माझा हात धजला नाही. गेल्या वर्षी तुम्ही लावलेलंच आहे हे."

"मी लावलेलं? जगलं?" साहेबांनी वाकून एक पान हळूच बोटांत धरलं. "इतकी रोपं लावली, परत बघायला म्हणून कधी आलोच नाही मी."

फोटोवाल्यानं विचारलं, "साहेब, नवं रोप?"

"त्याला दुसरा खड्डा खणा," असं हेडक्लार्कना सांगून साहेबांनी झारी उचलली आणि भसकन ओतली.

"अहो, हळू! मुळं उघडी पडतील!" कठड्यावरून आवाज आला. माळीबुवांनी डोळेच मिटले. संपलं सगळं!

साहेबांनी झारी खाली ठेवली. "मग दाखवा बघू कसं घालायचं."

ती गुडघा धरत उठली आणि बुंध्याशी सावकाश अर्धी बाटली ओतली.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"आजचं झालं. उद्या परत यायचं."

साहेबांनी मान हलवली. उरलेली अर्धी बाटली तिनं माळीबुवांपुढे धरली. "घ्या. सकाळपासून घसा कोरडा पडलाय तुमचा."