याप्रमाणे सर्वत्र

रस्ते आखणीच्या कार्यालयात त्यांना सगळे ‘रुंदीकरण साहेब’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि ते याला पदवी समजत. सतरा वर्षांत त्यांच्या लाल पेन्सिलीखालून एकही फुटपाथ धडधाकट बाहेर पडला नव्हता. रस्त्याचा कोपरा दिसला की साहेब तो गोल करत, इतका ऐसपैस गोल की वळताना ब्रेक नावाच्या वस्तूची कुणाला आठवणही होऊ नये.

अशाच एका कोपऱ्यावर ताईंचा पाय गेला. म्हणजे आहे जागेवर, पण कामातून गेला. ताई या कार्यालयातल्या आरेखक, म्हणजे नकाशे काढणाऱ्या, बाईंच्या थोरल्या बहीण, शाळेत गणित शिकवणाऱ्या. गाडी वळली, ताई पडल्या, गाडी पुढे गेली. पुढच्या बैठकीत बाईंनी विषय काढला, तेव्हा साहेबांनी चहावर फुंकर घालत सांगितलं की माणसानं बघून चालावं, आणि मुळात एवढं चालावंच कशाला. बाईंनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. बाईंचं हे टोक करणं सगळं कार्यालय ओळखून होतं. साहेब तेवढे चहाकडे बघत होते.

दोन वर्षांनी नव्या वसाहतीचं काम आलं. अकरा रस्ते. ताईंना घर तिथंच मिळालं आणि बदलीही तिथल्याच नव्या शाळेत ठरली. मधे एक रस्ता. भाऊजींनी पुरे झाली नोकरी असा निकाल देऊन टाकला होता.

“मला रस्ता एकटीला ओलांडता आला ना, तर निवृत्तीपर्यंत शिकवीन,” ताई बाईंना म्हणाल्या. “नाहीतर आहेच, घरी बसून तुझ्या भाऊजींना पाढे.”

बाईंनी घरी बसून अकराही रस्ते काढले. अडीच मीटरचे फुटपाथ, झाडं, गाडीला निमूट करणारे आवळ कोपरे, आणि रस्ता ओलांडण्याची जागा फुटपाथच्या उंचीला उचललेली, म्हणजे चढउतार गाडीनं करायचा, माणसानं नाही. मग ते नकाशे त्यांनी कार्यालयातल्या खणात ठेवले आणि खणाला कुलूप लावलं. साहेबांपुढे ठेवायला दुसरे अकरा काढले, अगदी साहेबांच्या आवडीचे.

साहेबांची एक पद्धत होती. ते गठ्ठ्यातला फक्त वरचा नकाशा बघत. एक रस्ता बघितला की सगळे बघितले, असं त्यांचं मत. त्यावर लाल पेन्सिलीनं दुरुस्त्या करायच्या, खाली ‘याप्रमाणे सर्वत्र’ लिहायचं आणि सही ठोकायची. उरलेले नकाशे आरेखकांनी त्याबरहुकूम बदलायचे. वर नेहमी मुख्य रस्ता असे. या वेळी बाईंनी सात नंबरची गल्ली वर ठेवली. तिथल्या कोपऱ्यावर साहेबांनी स्वतःच्या बंगल्यासाठी प्लॉट घेतला होता.

साहेबांनी चष्मा पुसला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच ते नकाशा वाचत होते.

“हा कोपरा एवढा गोल कुणी केला? गाड्या सुसाट येतील इथे.”

“येतील, साहेब.”

“अहो, माझी नात फाटकाबाहेर खेळणार.”

मग काय करू या, असं बाईंनी अगदी हळू विचारलं आणि टोक केलेली लाल पेन्सिल पुढे सरकवली. साहेबांनी कोपरा आवळला. फुटपाथ अडीच मीटर केला. रस्ता ओलांडायची जागा उचलून घेतली. झाडांची बाईंनी आठवण करून दिली, तर सावली काय वाईट असते का, असं साहेबच उलट म्हणाले. शेवटी सतरा वर्षांची सवय लागलेला हात आपणहून खाली गेला. याप्रमाणे सर्वत्र. सही. तारीख.

बाईंनी खणाचं कुलूप उघडलं.

साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा अकराही रस्त्यांवर फुटपाथचे दगड बसून झाले होते. त्यांनी बाईंना बोलावून बाकीच्या दहा रस्त्यांवरचं हे सगळं रद्द करायला सांगितलं.

“करता येईल ना, साहेब,” बाईंनी फाईल उघडली. “फक्त कारण लिहावं लागेल. आपल्याच गल्लीत असं आणि बाकी दहा ठिकाणी तसं का, एवढंच.”

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला, पेन उघडलं, परत मिटलं. मग त्यांनी चहा मागवला.

एक गोष्ट मात्र बाईंनी पदरची घातली होती. शाळेसमोरची ओलांडायची जागा त्यांनी बरोबर सात नंबरच्या गल्लीच्या तोंडाशी घेतली. बंगल्यात राहायला आलेल्या साहेबांना बाहेर पडायला दुसरी वाट नाही. ते पावणेदहाला निघतात, शाळा दहाला भरते.

शाळेच्या पहिल्या दिवशी साहेबांची गाडी तिथे येऊन थांबली. समोरून ताई काठी टेकत निघाल्या होत्या. अकरा पावलांचं अंतर. घाई करू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ताई डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नाहीत. साहेबांनी काच खाली केली. फुटपाथवर बाई उभ्या होत्या.

“साहेब, ही माझी ताई,” बाई म्हणाल्या. “बघून चालतेय.”

काच वर गेली. सातव्या पावलाला ताई थांबल्या, पर्स चाचपली, मान हलवली आणि उलट्या घराकडे निघाल्या. मग पुन्हा आल्या. पहिल्यापासून.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, “चष्मा विसरली होतीस का गं?”

“पर्समध्येच होता.”

“मग?”

“उद्या डबा विसरेन,” ताई म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या.