लुंबिनीचं लेकरू

प्रमोद खिल्लारे सरांना मूल हवं होतं, पण कुठलंही चालणार नव्हतं.

वसमत तालुक्यात चौदा एप्रिलच्या आठवड्यात सरांची चार-पाच भाषणं ठरलेली असत. जात कशी गाडली पाहिजे, हे ते इतकं जीव तोडून सांगत की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावत. सरिता त्यांची बायको. बारा वर्षं ती तेच भाषण ऐकत होती. कुठे टाळी पडणार आणि कुठे सर गहिवरून चष्मा पुसणार, हे तिला पाठ झालं होतं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं तिलाही भरून यायचं. आता ती मांडवात बसून मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या लसीकरणाची यादी करायची.

ती नर्स होती. कुरुंद्याच्या आसपासच्या खेड्यांत आणि तांड्यांत तिच्या हातावर पाचशेच्या वर बाळंतपणं झाली होती. स्वतःचा पाळणा मात्र हलला नाही. नांदेड झालं, औरंगाबाद झालं, तपासण्या झाल्या. दोष सरांकडे निघाला तेव्हा सरांनी ती फाईलच कपाटाच्या वर टाकली आणि डॉक्टर अर्धवट शिकलेला आहे असं जाहीर केलं. मग सरितानेच दत्तकाची गोष्ट काढली. सरांनी ती उचलून धरली, कारण भाषणात शोभण्यासारखी होती.

सन दोन हजारच्या श्रावणात दोघं परभणीच्या शिशुगृहात गेली. तिथल्या अधीक्षिका शितल राठोड. कळमनुरीकडच्या एका तांड्यातून शिकून पुढे आलेली ही बाई. बोलणं मोजकं आणि नजर धारदार. त्यांनी दीड वर्षाची एक मुलगी आणून समोर बसवली. वारंगा फाट्यावर एका हॉटेलच्या बाकड्यावर कुणीतरी सोडून गेलेली. शिशुगृहात तिचं नाव आकांक्षा ठेवलं होतं. रंग काळासावळा, केस उभे, हातात मुरमुऱ्यांची वाटी. ती सरळ सरिताकडे आली आणि तिच्या तळहातावर एकेक मुरमुरा ठेवू लागली. सगळे ठेवून झाल्यावर तिने ते एकेक करून परत घेतले आणि खाल्ले. सरिताला हसू फुटलं, आणि हसता हसताच आपलं ठरलंय हे तिला कळलं.

सरांनी घसा साफ केला. "मुलगी छान आहे. पण हिची पार्श्वभूमी काय?"

"वारंगा फाटा," राठोड मॅडम म्हणाल्या.

"तसं नव्हे. मूळ. म्हणजे समाज वगैरे."

"सर, बाकड्यावर चिठ्ठी ठेवलेली नव्हती."

सर ओशाळं हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की याआधी दोन जोडप्यांनी या मुलीला नाकारलंय. एकांना रंग पसंत पडला नाही, दुसऱ्यांना मुलगाच हवा होता. बेल्जियमचं एक जोडपं फोटो बघून हो म्हणालंय, पण आधी हक्क इथल्यांचा. "तुम्हीपण नाही म्हणालात की मी कागद पुढे पाठवते. नोव्हेंबर संपायच्या आत काय ते सांगा."

"विचार करतो," सर म्हणाले.

विचार म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. "मी जात मानत नाही, सरिता. सगळा तालुका जाणतो. पण लोक मानतात ना! उद्या कुणी विचारलं की खिल्लारे सरांची पोरगी कोणाची, तर मी काय सांगू?"

"तुमची म्हणून सांगा की," सरिता म्हणाली.

यावर सरांनी लोकशिक्षणाचा मुद्दा काढला. सरिता भाकऱ्या थापत राहिली. ज्या माणसाच्या तोंडून ती बारा वर्षं जात गाडायचं भाषण ऐकत आली होती, त्याला आज एका मुरमुरे खाणाऱ्या पोरीची भीती वाटत होती. तिला त्याची लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटतेय याचाही राग आला.

दसरा झाला तसे सर एक पत्रक घेऊन घरात शिरले. बौद्ध स्थळांची सहल. पंधरा दिवस, आरामबस. सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी नेपाळातली लुंबिनी. सरांचा चेहरा उजळला होता. लुंबिनीच्या बाजूला एक अनाथालय आहे, असं गेल्या वर्षी जाऊन आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"भगवान बुद्धांच्या जन्मभूमीतलं मूल! त्याला कोण विचारणार, कोणाचं म्हणून? शुद्ध बौद्ध. आणि वर परदेशातून आणलेलं."

भागूबाई, सरांची आई, दारात बसून लसूण सोलत होती. हळद शिजवायच्या कढईपाशी मजुरीला उभं राहून तिने या पोराला बी.एड. केलं होतं. तिने मान वर केली.

"परभणीत लेकरू बसून राहिलंय अन् तू नेपाळात चालला? काहून रे? तथागतानं तितं पाळणाघर मांडलंय का?"

"आई, तुला नाही कळायचं."

"मला न्हाई कळलं तर ऱ्हाऊ दे. पर तुला तरी कळू दे."

सरिताने वाद घातला नाही. तिने फक्त एक कबूल करून घेतलं, की नेपाळात जमलं नाही तर परभणीच्या कागदावर सही करायची. सर म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वर ती दिवाळीनंतर बसमध्ये चढली. भागूबाईही पांढरं लुगडं नेसून निघाली.

प्रवासभर सरांनी बसमध्ये मास्तरकीचा ठेका घेतला. प्रत्येक स्थळाच्या आधी उभं राहून माहिती सांगायची, कुणी झोपलं तर नाव घेऊन उठवायचं. सुनौलीला सरहद्दीच्या कमानीखालून बस पलीकडे गेली तेव्हा त्यांनी सगळ्यांना घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करायला लावली. "आता आपण परदेशात आहोत!" असं ते दोनदा म्हणाले. बाहेर तशीच धूळ होती, तसेच ट्रक, तसेच पानाचे ठेले. भागूबाई खिडकीतून बघत म्हणाली, "पंधरा मिंटाचंच परदेस हाय व्हय हे?" मागच्या बाकावरच्या बायका खुदखुदल्या. सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

लुंबिनीत मात्र सरिताने खरोखर हात जोडले. तिथली शांतता तिच्या अंगात उतरली. तिने काही मागितलं नाही. परभणीची पोरगी तेवढी डोळ्यांसमोर आली. शेजारी सर डोळे मिटून, ओठ थरथरवत उभे होते. ते एक डोळा किलकिला करून फोटो काढणारा आलाय का बघतायत, हे सरिताच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टांगा करून अनाथालयात गेली. भागूबाईने यायला साफ नकार दिला. अनाथालयाचे व्यवस्थापक साठीचे, गोरे, डोक्यावर नेपाळी टोपी. त्यांनी खुर्च्या दिल्या, आत चहा सांगितला. अंगणात लोकरीच्या टोप्या घातलेली पोरं उन्हात बसली होती. सरांनी आपल्या शाळेतल्या हिंदीत परिचय करून दिला. भारतातून आलोत, शिक्षक आहोत, बौद्ध आहोत.

"बौद्ध! बहुत अच्छा," व्यवस्थापक म्हणाले. "हमारे यहाँ भी शाक्य हैं, गुरुंग हैं, तामांग हैं. आप किसमें आते हैं?"

"हम बौद्ध हैं. सिर्फ बौद्ध."

"वह तो धर्म हुआ. उससे पहले?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. सरिताला ती खूण माहीत होती. इथे मांडवात टाळी पडायची. मग सरांनी छप्पन साल, नागपूर, दीक्षा, सगळं सांगितलं. चांगलं दहा मिनिटं सांगितलं. व्यवस्थापकांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी मान डोलावली.

"अच्छा, अच्छा. समझ गया."

तेवढ्यात एक बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. व्यवस्थापकांनी तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. बाई ट्रेसकट आत परत गेली. सरांच्या ते ध्यानात आलं नाही. सरिताच्या आलं. तिच्या कानशिलात जाळ उठला. असा ट्रे परत जाताना तिने लहानपणी आपल्या गावात पाहिला होता. तिथे ट्रे नव्हता, कपबशी होती, एवढाच फरक.

"बुरा मत मानिए," व्यवस्थापक फार मऊ आवाजात म्हणाले. "यहाँ के बच्चे अच्छे घरों के हैं. खानदान देखना पड़ता है. लोग पूछते हैं ना."

सरिता उठली. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. सर अजून अर्ज कुठे मिळेल म्हणून विचारत होते.

बाहेर रस्त्यावर आल्यावर कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. मग त्यांची प्रमाण मराठी पार गळून गेली. "माणसं हायेत का जनावरं? बुद्धाच्या दारात बसून जात इचारतेत! लेकराला कुटं जात असती व्हय?"

"राठोड मॅडमला तुमी हेच इचारलं व्हतं," सरिता म्हणाली.

"ते येगळं."

"काय येगळं?"

सर टांगा शोधू लागले. सरिता तिथेच उभी राहिली. त्या टोपीवाल्याचा तिला संताप आला होता, पण तो परका होता. पुन्हा कधी त्याचं तोंड बघायचं नव्हतं. घरी घेऊन जायचा होता तो हा माणूस. आपला अपमान झाला म्हणून तो रडवेला झाला होता, आणि त्यातून त्याला एवढंसंही उमजलं नव्हतं.

परतीच्या प्रवासात सरांनी कुणाला काही सांगितलं नाही. वसमतला आल्यावर चौथ्या दिवशी विहारात त्यांचं व्याख्यान ठरलं. रविवार, सव्वीस नोव्हेंबर. विषय, 'लुंबिनीचा संदेश'. परभणीचं नाव काढलं की ते म्हणत, "व्याख्यान होऊ दे." मग शुक्रवारी सरिता रजा टाकून एकटीच परभणीला गेली.

"मी घेते तिला," ती राठोड मॅडमना म्हणाली. "कुठं सही करू?"

"एकटीला नाही घेता येत, बाई. नवरा असला की दत्तक त्यानेच घ्यायचं, बायकोने संमती द्यायची. कायदाच तसा आहे."

"मग एकटीला कोणाला येतं?"

"लग्न न झालेलीला. विधवेला. नाहीतर सोडचिठ्ठी झालेलीला."

"विधवा व्हणं तर माज्या हातात न्हाई," सरिता म्हणाली.

मॅडम हसल्या. मग सरिता हसत नाहीये हे त्यांनी बघितलं. "सोडचिठ्ठीला महिने लागतील. पोरगी तोवर थांबायची नाही. गुरुवारी मुदत संपते."

"मला म्हाईत हाय. पर नवऱ्याला कुटं म्हाईत हाय?"

राठोड मॅडमनी दत्तकाचा अर्ज तिच्या हातात दिला. आतल्या खोलीत आकांक्षा झोपली होती. सरिताने तिला उठवलं नाही. वसमतला उतरल्यावर ती आधी कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेली आणि एक दुसरा कागद करून घेतला.

रविवारी सर पांढरे कपडे घालून, केसांना तेल लावून निघायच्या बेतात होते. सरिताने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"एक दत्तकाचा हाय. एक सोडचिठ्ठीचा, दोघांच्या राजीखुशीचा. माजी सई दोन्हीवर झाली. तुमी कोणत्याबी एकावर करा."

सर खाली बसले. "सोडचिठ्ठी? अगं, आज व्याख्यान आहे! लोक काय म्हणतील? माझं नाव..."

"सोडचिठ्ठी कशापायी, म्हणून कोर्ट इचारल. मी सांगन. लुंबिनीचंबी सांगन."

भागूबाई भिंतीला टेकून बसली होती. "कर बाबा सई," ती म्हणाली. "कोणत्याबी कागदावर कर. लेकरू सरितापाशीच येणार हाय. तू ऱ्हायतो का जातो, तेवढंच ठरायचंय."

सरांनी एकवार सोडचिठ्ठीचा कागद वाचला. मग पेन काढून त्यांनी दत्तकाच्या अर्जावर सही केली. पोरीच्या ओढीने नाही, बायकोच्या मायेने नाही. विहारात खुर्च्या मांडून झाल्या होत्या म्हणून. सरिताने ते बघितलं आणि तिच्या मनात त्याच्याविषयी जे काही थोडंफार उरलं होतं तेही संपलं. पण तिला मनाशी घेणं नव्हतं, सहीशी होतं.

"तिचं नाव काय होतं गं?" सरांनी विचारलं.

"आकांक्षा."

त्या संध्याकाळी व्याख्यान जोरात झालं. सरांनी शेवटी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की लुंबिनीच्या मातीत उभं असतानाच आपण संकल्प केला; जात न विचारता, धर्म न विचारता, फाट्यावर सापडलेल्या एका अनाथ लेकीला आपण आपलं नाव देत आहोत. विहार टाळ्यांनी दणाणला. तरुण पोरांनी हार घातला. शेजारची बेबीबाई सरिताचा हात दाबून म्हणाली, "नशीब काढलं बाई तुमी! असा मानूस मिळाया पुण्य लागतंय." सरिताने हात सोडवून घेतला.

सकाळी ती परभणीची गाडी धरायला निघाली तेव्हा सर दारात आडवे आले. रात्रभर त्यांना झोप नसावी.

"सरिता, तिथलं... त्या अनाथालयातलं तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"गावात कोणालाच न्हाई सांगणार," ती म्हणाली. सरांनी सुस्कारा सोडला, तशी ती पुढे बोलली, "पोरीला सांगन. सगळं समजायच्या वयाची झाली की सांगन. तिला जातीचं कोणी इचारलं तर ती काय बोलंल ते तिचं तिनं बघावं. पर घरात पयलं कोणी इचारलं व्हतं, ते तिला म्हाईत असलं पायजे."

सरांनी तिच्या हातातल्या अर्जाकडे हात लांबवला. सरिताने अर्ज ब्लाऊजमध्ये खोचला, त्यांना बाजूला सारलं आणि स्टँडकडे चालू लागली.