उमाकांत अकरापर्यंत मोजतो

देवानं उमाकांतला तोंड दिलं होतं फौजदाराचं आणि आवाज दिला होता डासाचा. सहा फूट उंची, झुबकेदार मिशा, बटबटीत डोळे. नुसता गप्प उभा राहिला तरी समोरच्याला वाटावं, आता हा कानाखाली काढतोय. आणि तोंड उघडलं की समोरचा कान पुढे करून विचारणार, ‘काय म्हणालात?’ दोनदा असं विचारलं की उमाकांत म्हणणार, ‘काही नाही, काही नाही.’

असा हा बार्शीचा गडी मद्रासला, गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, ‘व्यंकट प्रिसिजन वर्क्स’ नावाच्या छोट्या कारखान्यात इन्स्पेक्टर होता. तिथं बसगाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनत. उमाकांतचं काम एवढंच, की बिजागरी मापायची आणि शिक्का मारायचा. बरोबर असेल तर हिरवा, चुकली असेल तर लाल. अकरा महिन्यांत हिरव्या शिक्क्याचं रबर झिजून गेलं आणि लाल शिक्का प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा आला नाही.

माल काय इतका चोख होता? छे हो! ड्रिलिंगवरचा फोरमन सुब्बा बारा मिलिमीटरचं भोक साडेबाराचं पाडून आणायचा. उमाकांत व्हर्नियर लावायचा, आकडा बघायचा, घसा खाकरायचा. तेवढ्यात सुब्बा पाठीवर थाप मारून म्हणायचा, ‘परवाइल्लै सार!’ म्हणजे, चालतंय हो साहेब. आणि उमाकांतचा हात आपोआप हिरव्या शिक्क्याकडे जायचा. मग रात्री खोलीवर झोप नाही. चालत्या बसचं दार निखळून कुणाच्या तरी पायावर पडतंय, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं.

बोलायला जीवाभावाचं कुणी नव्हतं. तमिळ येईना, हिंदी कुणी बोलेना, इंग्रजी बोलायची याला लाज. दुपारी सगळे एकत्र डबे उघडायचे. हा लेथ मशिनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून सांबारभात खायचा. रविवारी बस पकडून टी. नगरला जायचा, आईसाठी साड्या बघायचा आणि दुकानदार ‘काय दाखवू’ म्हणाला की बाहेर पडायचा. मालक व्यंकट सार कपाळावर चंदनाचा टिळा लावून काचेच्या केबिनमध्ये बसत. ते याला नावानं हाकसुद्धा मारत नसत. ‘ए इन्स्पेक्शन!’ झालं.

शेवटी उमाकांतनं ठरवलं, बस्स. राजीनामा लिहिला. एका पानाचा, सुवाच्य अक्षरात. बार्शीला परत जायचं, मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. तिथं निदान खिळे मापून शिक्के मारावे लागत नाहीत. राजीनामा खिशात घातला, पण गंमत बघा, तो द्यायला केबिनचं दार ढकलायचं कुणी? तीन आठवडे तो कागद शर्ट बदलेल तसा खिसे बदलत होता.

त्यात सिनेमावाले आले.

एका विनोदी सिनेमाचं शूटिंग होतं, रविवारी एका दिवसासाठी कारखाना भाड्यानं दिलेला. व्यंकट सारांनी शनिवारी उमाकांतला इंग्रजीत सांगितलं, ‘इन्स्पेक्शन, उद्या या. मशिनांना कुणी हात लावता कामा नये.’ हक्काची सुट्टी गेली. उमाकांत ‘येस सार’ म्हणाला. तो दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी सात वाजता पाहतो तर कारखान्याचा नूर पालटलेला. दिवे, वायरी, छत्र्या, इडलीची पातेली. कॅमेऱ्याला हार घातला होता, नारळ फुटला होता, कापूर जळत होता. व्यंकट सार स्वतः खुर्ची टाकून, स्टीलच्या पेल्यातली कॉफी हातात घेऊन, लग्नघरी आलेल्या व्याह्यासारखे बसले होते. शेजारी सुब्बा नवा शर्ट घालून उभा.

प्रसंग सोपा होता. सिनेमातला विनोदी नायक गॅरेजमध्ये मेकॅनिक असतो, गाडीची चाकं उलटसुलट बसवतो आणि गॅरेजचा मालक त्याला फैलावर घेतो. मालकाचं काम करणारा माणूस आलाच नाही. पोट बिघडलं म्हणून निरोप आला. डायरेक्टरनं डोक्याला हात लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर पडली ड्रिलिंग मशिनला हात लावून राखण करत उभ्या असलेल्या आमच्या फौजदारी चेहऱ्यावर.

‘हा! हाच पाहिजे!’

उमाकांतला पळता भुई थोडी झाली. असिस्टंट डायरेक्टर म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती, ती हिंदीत म्हणाली, ‘घाबरू नका. आवाज नंतर दुसऱ्याचा घालतात. तमिळ न येणारे नटनट्या इथं नुसते आकडे मोजतात. तुम्हीही मोजा. तुमच्या भाषेत मोजा. फक्त रागानं मोजा, ओठ हलले पाहिजेत.’

‘नको’ म्हणता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ‘नको’ हाच तर याचा सगळा घोटाळा! पाच मिनिटांत अंगावर सफारी, गळ्यात पितळी साखळी आणि हातात पाना आला. राजीनामा सफारीच्या खिशात गेला.

‘ॲक्शन!’

‘एक... दोन... तीन...’ उमाकांत म्हणाला. बालवाडीतलं पोर मावशींना म्हणून दाखवतं तसं. लाइटवाले हसले. दुसरा टेक. ‘एक, दोन...’ पुन्हा तेच. पाचव्या टेकला डायरेक्टरनं टोपी जमिनीवर आपटली. उमाकांतला घाम फुटला, मिशा ओघळल्या, वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

विनोदी नायक मात्र भला माणूस. पडद्यावर शेंदाड शिपाई, प्रत्यक्षात फार समजूतदार. तो जवळ येऊन मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘भाई, माझ्याकडे बघू नका. माझ्यावर कशाला राग येईल तुम्हाला? माझ्या खांद्यावरून पलीकडे बघा. तिथं ज्याच्यावर राग आहे तो माणूस उभा आहे असं समजा.’

समजायचं कशाला? खांद्यापलीकडे खरोखरच व्यंकट सार बसले होते. शेजारी सुब्बा. दोघं कॉफी पीत, हसत.

‘ॲक्शन!’

‘एक! दोन! तीन!’ या वेळी आवाज जरा बरा निघाला. ‘सात! आठ! नऊ! दहा! अकरा!’ आणि अकरावर काय झालं कुणास ठाऊक, गाडी रूळ बदलून भलतीकडेच निघाली. ‘अकरा महिने! अकरा महिने मी तुमच्या कारखान्यात उभा आहे, एकदा तरी नावानं हाक मारलीत? इन्स्पेक्शन, इन्स्पेक्शन! अहो, बापानं बारसं करून उमाकांत नाव ठेवलंय माझं! बारा! बारा मिलिमीटरचं भोक साडेबाराचं पाडतोय हा तुमचा सुब्बा, आणि मी शिक्का मारतोय हिरवा! उद्या दार निखळून कुणाचं पोर जायबंदी झालं तर? तुम्ही कॉफी पीत बसा! आणि मी तरी कसला माणूस? तोंडातून एक ‘नाही’ फुटत नाही! तीन आठवडे राजीनामा खिशात घेऊन हिंडतोय, तो द्यायचीसुद्धा छाती नाही माझी! तेरा! चौदा! घाला तुमच्या त्या बिजागऱ्या चुलीत!’

हातातला पाना त्यानं असा आदळला की शेजारच्या पिंपावरची पत्र्याची थाळी उडून घरंगळत दारापर्यंत गेली.

‘कट!’

 टाळ्यांचा कडकडाट झाला. डायरेक्टरनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, विनोदी नायकानं मिठी मारली, सुब्बानं तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. बिचाऱ्याला आपलीच बिनपाण्यानं झालीय हे कुठं ठाऊक! उमाकांतला हलकं हलकं वाटत होतं. मनातलं सगळं बोललो आणि कुणाला कळलं नाही, यासारखी चैन नाही, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात व्यंकट सार कॉफीचा पेला घेऊन सावकाश चालत आले. जवळ येऊन, हळू आवाजात, पण अगदी स्वच्छ म्हणाले,

‘तो राजीनामा दाखवा पाहूं.’

 उमाकांत मागच्या टायरवर मटकन बसला. ‘सार... तुम्हाला... मराठी?’

‘आमचें घर तंजावरचें. तीनशें वर्षें झालीं येऊन. घरांत हेंच बोलणें.’

आता मला सांगा, यात उमाकांतची चूक काय? पाटीवर टी. आर. व्यंकट, कमरेला लुंगीसारखी पांढरी वेष्टी, पानावर रस्सम, बोलणं तमिळ. महाराष्ट्रातून आलेल्या कुणालाही वाटावं, इथं आपलं बोलणं कुणाच्या बापाला कळत नाही. पण मद्रासेत तोंड सांभाळावं लागतं. समोरचा तीन शतकांचा मराठी निघू शकतो.

‘मग अकरा महिने तुम्ही माझ्याशी मराठीत एक शब्द बोलला नाहीत?’ उमाकांतनं विचारलं. भीतीच्या पलीकडे गेलेला माणूस कसंही विचारतो.

व्यंकट सारांनी पेल्यात पाहिलं. मालक माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘एकदां पुण्यास गेलों होतों, गिऱ्हाइकाकडे. वीस वर्षें झालीं. मोठ्या हौसेनें तोंड उघडलें. तेथले दोघे हंसले. ‘जुन्या नाटकांतलें बोलतां’ म्हणाले. तेव्हांपासून तिकडचा मनुष्य दिसला कीं मला तोंड उघडवत नाहीं. तुम्ही आलांत तेव्हां रोज वाटे, आज बोलूं, आज बोलूं. नाहीं झालें धाडस. तुम्हीही हंसाल म्हणून.’

उमाकांतला हसू आलं नाही.  काचेच्या पलीकडे हा माणूस अकरा महिने तोंड दाबून बसला होता आणि अलीकडे आपण! त्यानं खिशातला कागद काढून दिला. सारांनी वाचला, घडी केली आणि परत दिला.

‘भोकाची गोष्ट खरी?’

‘खरी.’

‘मग उद्यां सुब्बास नाहीं म्हणून सांगा.’

‘सार, मला तमिळ येत नाही.’

‘लाल शिक्का येतो ना?’ असं म्हणून ते कॉफी संपवायला निघून गेले.

सोमवारी सार कामासाठी शहराबाहेर, ओरगडमला गेलेले. म्हणजे जे काय करायचं ते उमाकांतनं एकट्यानं. सुब्बा दोनशे चाळीस बिजागऱ्यांची ट्रॉली ढकलत आला. उमाकांतनं व्हर्नियर लावला. साडेबारा. दुसरी. साडेबारा.  सुब्बाची थाप पाठीवर पडली, ‘परवाइल्लै सार!’ हात सवयीनं हिरव्या शिक्क्याकडे निघाला. आवाज, तो कालचा आवाज, कुठं दडी मारून बसला होता देव जाणे. मग उमाकांतनं डोळे सुब्बाच्या खांद्यापलीकडे लावले आणि मोजायला सुरुवात केली.

‘एक,’ तो म्हणाला. सुब्बा बघत राहिला. ‘दोन.’ लेथवाल्यानं मशिन थांबवलं. ‘तीन!’

आणि पिशवी फाडून लाल शिक्का धाडकन ट्रॉलीच्या कार्डावर बसला. सुब्बानं आकांडतांडव केलं, हात नाचवले, देवाच्या शपथा घेतल्या. उमाकांतनं मान हलवली, व्हर्नियर त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘नाही.’ मराठीतच म्हणाला. सुब्बानं स्वतः मापून बघितलं. मग दुसरी मापली, तिसरी मापली आणि पुटपुटत मशिनकडे गेला. ड्रिलला सरळ धरणारं साच्यातलं बुश झिजलं होतं, म्हणून भोक मोठं पडत होतं. त्यानंच ते दुपारी बदललं आणि जेवायच्या सुट्टीत लेथच्या मागे येऊन, काही न बोलता, उमाकांतचा डबा उचलून सगळ्यांच्यात नेऊन ठेवला.

राजीनाम्याचं म्हणाल, तर तपासणीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कागद चार पदरी दुमडून त्याच्याखाली घातला. टेबल डुगडुगायचं थांबलं.

सात महिन्यांनी सिनेमा लागला. सगळा कारखाना थेटरात. उमाकांतनं स्वतः जाऊन तिकिटं काढली होती, मोडक्या तमिळमध्ये, खिडकीवर भांडून, कारण त्या माणसानं आधी अगदी पुढची रांग दिली होती; भांडल्यावर मधली मिळाली. पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि सुब्बानं शिट्टी मारली. आवाज कुणा दुसऱ्याचाच, ढोलासारखा, चाकांबद्दल काहीतरी तमिळ ठणकावत होता. थेटर हसून लोटपोट.

व्यंकट सार मात्र पडद्यावरच्या ओठांवर नजर ठेवून खरंखुरं बोलणं म्हणून दाखवत होते, अगदी मोठ्यानं, ‘घाला तुमच्या त्या बिजागऱ्या चुलींत!’ आणि डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते.

पुढच्या रांगेतला माणूस मागे वळला. त्यानं तमिळमध्ये विचारलं, ‘ही कुठली भाषा हो?’

सारांचं हसू एकदम मिटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजूबाजूचे दोनचार जण वळून बघायला लागले. सारांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि उमाकांतकडे पाहिलं.

उमाकांत त्यांच्या कानाशी वाकला.

‘एक,’ तो म्हणाला. ‘दोन.’

तीन म्हणायची वेळच आली नाही.

‘मराठी!’ व्यंकट सार अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं ओरडले. ‘आमच्या घरची!’